विहीणबाईंसाठी स्पॅनिश

माझ्या वयाच्या बायका योगाच्या वर्गाला जात होत्या, तेव्हा मी स्वयंपाकघरात बसून स्पॅनिश शिकत होते. हौस म्हणून नव्हे. दिवसभर औषधाच्या दुकानात उभी राहून पाय सुजवून घरी येणाऱ्या बाईला कसली आलीये हौस. मी शिकत होते ती भीतीपोटी. माझ्या मुलाने चिलीची मुलगी केली होती, आणि ही पोर एक दिवस त्याला उचलून समुद्रापलीकडे घेऊन जाईल, ही धास्ती लग्नाच्या दिवसापासून माझ्या पोटात बसली होती. एकुलता एक मुलगा. त्याच्यासाठी म्हणून तर आम्ही पुणं सोडून न्यूझीलंडला आलो होतो. तोच निघून गेला तर आम्ही दोघं म्हातारे या वाऱ्यात बसून काय करणार होतो?

ही दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये आमचं उतारावरचं घर. वर आम्ही दोघं, खाली मुलगा आणि सून. ती वर्षभर देश बघायला म्हणून आली होती आणि शहरातल्या एका कॅफेत काम करत होती. जन्मात चहाशिवाय दुसरं काही न प्यायलेला माझा मुलगा ऑफिसातून उठून उठून कॉफी प्यायला जायला लागला, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. एक दिवस तो तिला घेऊनच घरी आला. तिने दारातच माझ्या गालाला गाल लावला. मी नमस्कारासाठी जोडलेले हात दोघींच्या मध्ये अडकले आणि माझा चष्मा खाली पडला. अशी आमची पहिली भेट.

मुलगी मात्र गोड होती, खोटं कशाला बोलू. फटकळही होती, माझ्यासारखीच. आम्ही दोघी इंग्रजीत बोलायचो. तिचंही उसनं, माझंही उसनं. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, एवढं इंग्रजी मी दिवसभर बोलत होते, पण सुनेशी भांडायचं, तिचे लाड करायचे, ते इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. लग्नानंतर वर्षभराने तिला दिवस गेले आणि तिच्या आईने कळवलं की मी बाळंतपणाला तीन महिने येते. मला ते पटलं. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर इतकं लांब असेल तर माहेरानेच यायला हवं. पण विहीणबाईंना इंग्रजीचा गंध नव्हता. तीन महिने एका घरात दोघी आज्या, आणि बोलायचं काय, हातवारे? शिवाय मनातली एक गोष्ट होती. या घरात सुनेची भाषा बोलली गेली तर तिला हे घर सोडून जावंसं वाटणार नाही. माझा हिशोब इतका साधा होता. मी तिला म्हटलं, "मला स्पॅनिश शिकव."

तिला आधी वाटलं मी चेष्टा करतेय. मग ती जी मागे लागली ती लागलीच. मी कामावरून आले की चहा टाकायची, पाय वर घेऊन खुर्चीत बसायची आणि मला प्रश्न विचारायची. मी कणीक मळता मळता उत्तरं द्यायची. चिलीची माणसं आपल्यासारखीच चहाबाज असतात, हे मला तेव्हाच कळलं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, तुझ्या आईला माझं नातं काय सांगशील? तिने ताबडतोब शब्द दिला. कोन्सुएग्रा. विहीण. इंग्रजीत या नात्याला शब्दच नाही, 'माझ्या सुनेची आई' असं लांबण लावावं लागतं, आणि इथे चक्क विहीण होती. ज्या भाषेत विहीण आहे ती माणसांची भाषा, असं मी ह्यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग त्या भाषेत रुसवेफुगवेही असणार."

ह्यांच्यावरूनच माझी पहिली फजिती झाली. सुनेने विचारलं, तुमचा नवरा काय करतो? मी सांगितलं, माझे नवरे झोपले आहेत. तिने विचारलं, किती आहेत? मी म्हटलं, एकच आहेत. आता नवऱ्याला एकेरीत कसं म्हणायचं? घरात 'हे' आणि बाहेर 'ते' असं बोलून बोलून जीभ वळलेली. मी प्रत्येक वाक्यात ह्यांना मान देत गेले आणि ह्यांची संख्या वाढत गेली. माझे नवरे घोरतात. माझे नवरे भाजी आणायला गेले आहेत. मुलगा हसता हसता खोकायला लागला, आणि खालच्या मजल्यावर ह्यांचं नाव 'नवरे मंडळी' पडलं ते पडलंच.

दुसरी फजिती आग्रहाची. सुनेने तिच्याकडच्या करंज्या केल्या होत्या, आत खिमा नाही तर चीज घातलेल्या. आमच्यासाठी चीजच्या. तिने स्पॅनिशमध्ये विचारलं, आणखी एक? मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, नको. तिने ताटली उचलली आणि फ्रीजमध्ये ठेवून दिली. मी बघतच राहिले. आपल्यात पहिल्या 'नको'ला कोण विचारतं? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा वाढणाऱ्याने ऐकायचंच नाही, मग आपण 'बरं, अर्धीच' म्हणायचं. हे सगळं मी तिला समजावून सांगितलं. तिने ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या रविवारी ह्यांचं पोट खरोखर भरलेलं असताना ती वाढत राहिली, आणि हे बिचारे सुनेचं मन कसं मोडायचं म्हणून खात राहिले. शेवटी मी माझ्याच दुकानातली पित्ताची गोळी त्यांना दिली.

फोनवरची गंमत वेगळीच. विहीणबाईंशी बोलायचं म्हणजे मी आधी वाक्यं घोकून तयार राहायची. पहिलं वाक्य ठरलेलं. जेवलात का? त्या बिचाऱ्या दर वेळी सविस्तर सांगायच्या. सूप, पाव, बटाटा, कोंबडी. पुढच्या फोनला त्याहून जास्त. एकदा तर शेजारणीकडे काय जेवल्या तेही सांगून झालं. शेवटी सून मला म्हणाली, "माझी आई विचारते, चिलीत आम्हाला खायला मिळत नाही असं तुझ्या सासूला वाटतं का?" मी कपाळावर हात मारला. जेवलात का म्हणजे बऱ्या आहात ना, एवढंच असतं गं ते. तिने ते आईला समजावलं. पुढच्या फोनला विहीणबाईंनीच आधी विचारलं, जेवलात का? मला इतकं बरं वाटलं की मी खरोखरच काय काय जेवले ते सांगत बसले.

एका फजितीवर मात्र सगळे हसले आणि मी हसले नाही. सुनेच्या ओळखीच्या चिलीच्या लोकांकडे आम्ही रविवारी जेवायला गेलो होतो. तिथे एक म्हातारे गृहस्थ माझा हात हातात घेऊन म्हणाले, अभिनंदन, आजीबाई. मला सगळं नीट कळलं. मी विचारलं, कशाबद्दल? सून शेजारीच उभी, सहावा महिना, पोट ड्रेसमधून पुढे आलेलं. मी पुढे म्हणाले, अजून काहीच नाही. सगळे हसायला लागले. त्यांना वाटलं, बाईंचं स्पॅनिश घसरलं. माझं स्पॅनिश बरोबर होतं. मूल हातात येईपर्यंत त्याबद्दल मोठ्याने बोलायचं नाही, कुणी कौतुक केलं तर उडवून लावायचं, हे माझ्या आईने माझ्या अंगात मुरवलेलं. ती तर आधी साधं टोपडंसुद्धा शिवू द्यायची नाही. गाडीत सुनेने मला विचारलं आणि मी तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाद घातला नाही.

तेव्हा मुलगी आहे हे सगळ्यांना कळलं होतं. इथे स्कॅनमध्ये सांगतात. थोड्या दिवसांनी एका संध्याकाळी दोघं वर आली, चेहरे फुललेले. "आई, आम्ही नाव ठरवलं," मुलगा म्हणाला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. म्हटलं, बारशाला कळेल. ऑकलंडहून तुझी चुलत बहीण येईल, तीच आत्या, ती बाळाच्या कानात सांगेल, आम्ही तिच्या पाठीत धपाटे घालू आणि मग मी ते नाव ऐकेन. तोवर माझ्यासमोर ते उच्चारायचं नाही, दोघांनीही.

"आई, इथे सगळे आधीच ठरवतात गं."

"ठरवा की. मला सांगू नका."

सून हसली आणि म्हणाली, "प्रॉमिस." मग तिने त्याचा खेळच करून टाकला. खाली ती पोटाशी सारखी स्पॅनिशमध्ये बोलत असायची. जिन्यावर माझं पाऊल वाजलं की ओठांवर बोट ठेवून पोटाला सांगायची, श्श, आजी आली. मलाही ते आवडायचं. मी मुद्दाम पाय आपटत उतरायची.

आठवा लागला होता. एका सकाळी मी दुकानात जायला निघाले होते आणि ती नाइटगाउनमध्येच वर आली. इंग्रजीत म्हणाली, "आई, ती हलत नाहीये." मी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, साखरेचं पाणी दिलं, पोटावर हात ठेवून बसले. माझ्या तळहाताला काही लागलं नाही. आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो. तिथल्या मुलीने पोटावरून यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि डॉक्टरांना बोलावते म्हणून खोलीतून बाहेर गेली. इतकी वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर माणसाला असे चेहरे वाचता येतात. मला तिथेच कळलं.

दुसऱ्या दिवशी नात जन्मली. मी तिला पाहिलं. डोकं भरून काळे केस होते, नाक माझ्या मुलाचं होतं, नखं होती. कुठे काही कमी नव्हतं. नर्सने तिला पांढऱ्या शालीत गुंडाळून दिलं होतं आणि सून तिला घेऊन खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी गालाला बोट लावलं आणि बाहेर आले. बाहेर हे उभे होते. ह्यांना मी उभ्या आयुष्यात रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

घरी आल्यापासून सून माझ्याशी बोलेनाशी झाली. चहा नेला की घ्यायची, मऊ भात नेला की दोन घास खायची, पण तोंडातून शब्द नाही. विहीणबाई तिकीट बदलून, विमानं बदलत बदलत तिसऱ्या दिवशी पोचल्या. त्या दिवसासाठी मी केव्हापासून वाक्यं तयार केली होती. या, प्रवास कसा झाला, हे तुमचंच घर आहे. विमानतळावर त्यांनी माझ्या गालाला गाल लावला, त्यांचा गाल ओला होता, आणि माझ्या वाक्यांपैकी एकही तिथे चालण्यासारखं नव्हतं. आमची शिकवणी अजून वर्तमानकाळातच होती. बाळ सुंदर आहे, आम्ही आनंदात आहोत, एवढंच मला येत होतं.

पुरायचं की दहन करायचं यावर वाद झाला नाही. तान्ह्या बाळाला आपण पुरतोच, तेही पुरतात. विहीणबाईंसाठीच सगळं थांबवलं होतं. त्या खाली लेकीजवळच झोपायच्या. दोघींचं दिवसभर हळू आवाजात बोलणं चालायचं. वर माझ्यापर्यंत नुसती कुजबुज यायची. मी जिन्यावर पाय ठेवला की ती कुजबुज थांबायची. एकदा झालं असतं तर समजले असते, पण हे प्रत्येक वेळी व्हायचं. मी दारात ट्रे घेऊन उभी, दोघी माझ्याकडे बघतायत, आणि खोलीत आवाज नाही. माझा मुलगाही तिथे बसलेला असला तर मान खाली घालायचा.

काय वाटलं सांगू? मला वाटलं, ही मला दोष देते आहे. त्या जेवणाच्या दिवशी भर लोकांत मी 'काहीच नाही' म्हणाले होते, तेच खरं झालं असं हिच्या मनाने घेतलंय. मला वाईट वाटलं आणि रागही आला. मीही आजी होते. माझंही काहीतरी गेलं होतं, आणि माझ्याच घरात मी वेटरसारखी ट्रे घेऊन उभी होते. मुलाला मी स्वयंपाकघरात गाठून विचारलं, ती माझ्याशी का बोलत नाही? तो म्हणाला, "आई, प्लीज, आत्ता नको." मग म्हणाला, "तिची आई तिला घेऊन जायचं म्हणतेय."

"किती दिवसांसाठी?"

"माहीत नाही."

"आणि तू?"

मी वळून बेसिनमधली भांडी घासायला लागले. घासलेलीच होती ती, पुन्हा घासली.

दफनाच्या आदल्या दिवशी दुपारी विहीणबाई वर आल्या. त्यांना लेकीसाठी सूप करायचं होतं. मी कांदे, बटाटे, मका काढून दिला आणि आम्ही दोघी ओट्यापाशी शेजारी शेजारी उभ्या राहून चिरायला लागलो. बाहेर नेहमीचा वारा, खिडकीच्या काचा वाजत होत्या. मग त्यांनी अगदी सावकाश, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करून विचारलं, "तुम्ही तिचं नाव का घेत नाही?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. लेक म्हणते, सासूबाईंनी तिचं नाव एकदाही घेतलं नाही. हॉस्पिटलमध्ये नाही, घरी नाही. तिला वाटतं तुमच्याकडे अशा बाळाला नाव नसतं. अशा बाळाला मोजतच नाहीत.

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"नाव."

त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना वाटलं, बाईंना प्रश्न कळला नाही. मग मी सुरी ठेवली आणि सांगायला लागले. कसं सांगितलं ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. आमच्याकडे बाळ येतं. मग दिवस. बारा. मग माझ्या मुलाची बहीण येते. बाळाचा कान. कानात नाव. मग सगळे ऐकतात. आधी नाही. आधी मी म्हणते, मला नाव नको. ती म्हणते, प्रॉमिस. आता बाळ नाही. आता मला कोण सांगते? मला कुणी सांगत नाही. मी खाली येते, सगळे गप्प. मी आजी आहे. मला नाव माहीत नाही.

विहीणबाई तशाच उभ्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, एकूण एक कळलं होतं. त्यांनी एप्रनला हात पुसले, माझ्या जवळ आल्या, माझ्या कानावरचे केस बाजूला केले आणि माझ्या कानात माझ्या नातीचं नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते आमचं आहे. कांद्याचा वास येत होता त्यांच्या हाताला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, कितीतरी दिवसांनी मोठ्याने रडले, आणि त्या माझ्या पाठीवर थोपटत राहिल्या.

मग मी खाली गेले. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पलंगाच्या कडेला बसून मी नाव घेतलं. ती वळली. माझ्या तोंडून ते नीट आलं नव्हतं. त्या नावात एक 'र' आहे, त्यांचा तो हलका 'र', आणि मी आपल्याकडचा ठणठणीत लावला होता. तिने माझ्याकडे बघितलं आणि नाव बरोबर म्हणून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिने पुन्हा सांगितलं. नंतर ती माझ्या मांडीत डोकं घालून रडायला लागली. रडता रडताच मला म्हणाली की तुम्हाला दिलेला शब्द मोडायचा नव्हता, आणि नावाशिवाय तिच्याबद्दल बोलायचं तरी कसं, म्हणून तुम्ही आलात की आम्ही गप्प व्हायचो. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. एवढ्या दिवसांत केसांना तेल लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नातीला डोंगरावरच्या दफनभूमीत ठेवून आलो. तिथे लहान मुलांचा भाग वेगळा आहे. प्रत्येकाने मूठभर माती टाकताना तिचं नाव घेतलं. मीही घेतलं. ह्यांना मी सकाळीच कानात सांगून ठेवलं होतं.

आमच्यात समजुतीचा घोटाळा झाला होता तो मिटला, म्हणजे आता ती राहील, अशी आशा मला होती. का नसावी? त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायला लागली होती. मी तेल लावून दिलं की डोळे मिटून बसायची. पण खालची ती खोली, ते हॉस्पिटल, तो कॅफे जिथे सगळे तिला पोटावरून ओळखायचे, यातलं काही तिला सहन होईना. काही आठवड्यांनी ती मला म्हणाली, "आई, मी इथे श्वास घेऊ शकत नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. मला देवाचा राग आला, चिलीचा आला, तिकीट काढून देणाऱ्या माझ्या मुलाचा आला. तिचा नाही आला. पुढे सहा-सात महिन्यांत मुलगाही नोकरी सोडून तिकडे गेला. ज्या भीतीपोटी मी ती भाषा शिकले होते, ते अगदी तसंच झालं. फक्त मला कुणावर ओरडायची सोय उरली नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी ती एकटीच माझ्याबरोबर डोंगरावर आली. सोसाट्याचा वारा होता, आजूबाजूच्या छोट्या थडग्यांवरची भिरभिरी सुसाट फिरत होती. तिने हाताने गवत सारखं केलं. मग म्हणाली, "तुम्ही इथे येत जाल ना?" मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. ती म्हणाली, "तिच्याशी स्पॅनिशमध्ये बोला. तिने दुसरं काही ऐकलेलं नाही."

तिकडे त्यांना पुढे मुलगा झाला. त्याचं नाव त्यांनी जन्माआधीच फोनवर सांगितलं आणि मी मुकाट्याने ऐकलं. आता तो शाळेत जातो. फोनवर माझ्याशी भराभरा काहीतरी बोलतो, त्यातलं निम्मं कळतं. दोनदा आम्ही तिकडे जाऊन आलो. विहीणबाई थकल्यात. इकडे आम्ही दोघंच. हल्ली ह्यांचे गुडघे दुखतात, चढ चढवत नाही, ते खाली गाडीत बसून राहतात.

मी रविवारी जाते. नाव घेते, आता 'र' चुकत नाही. सुनेला कबूल केल्याप्रमाणे स्पॅनिशमध्ये सुरुवात करते. आज थंडी आहे, आजोबा गाडीत आहेत, तुझी आई बरी आहे, तुझा भाऊ फुटबॉल खेळतो. पण शिकवणारी गेल्यापासून माझी भाषा होती तिथेच थांबली, होते ते शब्दही एकेक करून गळायला लागले. चार-पाच वाक्यांत सगळं संपतं आणि सांगायचं तर पुष्कळ असतं. मग मी सरळ मराठीत बोलत बसते. इतक्या वर्षांत तिलाही थोडंफार मराठी कळायला लागलं असेल.